सशावर स्वार व्हायचं तर

“पहिल्याच उडीत याची पाठ मोडेल.”

चेलनाने वहीवरून मान वर केली. काउंटरच्या पलीकडे एक उंच, सावळा तरुण उभा होता. पायांत गमबूट, गमबुटांवर वाळलेलं शेण, खांद्याला फुगलेली बॅग... आणि नजर थेट तिच्या वहीवर. तिने तिथे काढलेलं चित्र तो उलट्या बाजूने पाहत होता, तरी ते त्याला नीट कळलेलं दिसत होतं.

“कोणाची पाठ?”

“सशाची,” तो म्हणाला. “वर बसलेल्या बाईंचीही मोडेल. पण ती नंतर.”

पाचोऱ्यात तिच्या पप्पांचं, दलिचंदशेठचं, पशुखाद्याचं दुकान. ढेपेची पोती, मक्याचा भरडा, मिठाच्या विटा आणि या सगळ्यावर बसलेली बारीक पिवळी धूळ. शेठ दुपारी जेवायला घरी गेले की दोन-अडीच तास दुकान चेलनाकडे असायचं. ढेप घ्यायला त्या उन्हात कोणी येत नसे. त्यामुळे हेच तिचे लिहायचे तास होते.

दोन वर्षं ती एक कादंबरी लिहीत होती, शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी. त्यात सप्तमाळ नावाचा देश होता, त्या देशाच्या आकाशात दोन चंद्र होते, आणि तिथले स्वार घोड्यांवर बसत नसत, घोड्याएवढ्या सशांवर बसत. नायिकेचं नाव वज्रा, तिच्या मादी सशाचं नाव कापशी. पुण्याच्या एका प्रकाशनाला पहिली तीन प्रकरणं आवडली होती. पूर्ण बाड डिसेंबर उजाडताना हातात पडायला हवं, असं त्यांनी कळवलं होतं. चेलना सत्तावीस वर्षांची. पप्पांशीही तिचा ठराव झाला होता, की पुस्तक स्वीकारलं गेलं तर स्थळाचा विषय वर्षभर बंद. नाही स्वीकारलं, तर जळगावचा तरुण नावाचा जो मुलगा सांगून आला होता, त्याला तोंड वाकडं न करता भेटायचं.

म्हणजे सारा भार त्या सशांवरच होता. आणि हा माणूस म्हणत होता, पाठ मोडेल.

“तुम्ही कोण?” तिने विचारलं.

“डॉक्टर चौरे. रोहिदास चौरे. जनावरांचा.” त्याने गावाचं नाव सांगितलं, तिथल्या सरकारी दवाखान्यात तो महिन्याभरापूर्वी बदलून आला होता. “मिनरल मिक्श्चर आहे का? पाच किलोचं.”

“आहे. पण आधी पाठीचं सांगा.”

तो जरासा लाजला. तोंडातून निघून गेलं ते, असं काहीसं पुटपुटला. मग तिची पेन्सिल मागून घेतली आणि वहीच्या कडेला एक वाकडी रेघ काढली.

“हा सशाचा कणा. सशाचे मागचे पाय भयंकर ताकदीचे आणि हाडं मात्र हलकी. पाळलेला ससा कोणी चुकीचा उचलला आणि त्याने हवेत लाथ झाडली, तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा कणा मोडतो. आमच्याकडे येतात अशा केसेस. आता त्याच्यावर पन्नास किलोची बाई—”

“सत्तेचाळीस,” चेलना म्हणाली. आणि मग, “म्हणजे... वज्रा. वज्रा सत्तेचाळीस किलोची आहे.”

“बरं,” तो गंभीरपणे म्हणाला. “वज्रा सत्तेचाळीस.”

मिनरल मिक्श्चर घेऊन तो गेला. चेलनाने पुढचं वाक्य लिहायला घेतलं: ‘कापशीने झेप घेतली...’ आणि थांबली. कापशी झेप घेईना. दुसऱ्या दिवशीही घेईना. तिसऱ्या दिवशी चेलनाने वहीचं कोरं पान उघडलं आणि त्यावर डॉक्टरला विचारायचे अकरा प्रश्न लिहून काढले.

पुढच्या शनिवारी तो आला. पुन्हा पाच किलो मिनरल मिक्श्चर.

“मागचं संपलं?”

“नाही,” तो म्हणाला, आणि दुसरीकडे पाहू लागला.

तिने हसू दाबलं आणि प्रश्नांचं पान पुढे सरकवलं. त्याने ते पान एखाद्या पेशंटच्या कागदांसारखं वाचलं, वरपासून खालपर्यंत, भुवया आक्रसून.

“ससा नुसता मोठा करून चालत नाही,” तो म्हणाला. “लांबी दुप्पट केली की वजन होतं आठपट आणि हाडांची ताकद वाढते चारच पट. घोड्याएवढा ससा करायचा तर पाय खांबासारखे करावे लागतील. मग तो ससा राहणार नाही. लांब कानांची म्हैस होईल.”

“आणि धावताना?”

“धावताना तो कमान होतो. सगळी पाठ गोळा होते आणि सुटते... गोळा होते आणि सुटते. खोगीर ठेवणार कुठे? सपाट जागाच नाही. त्यात तो सरळ पळत नाही. दर दोन उड्यांनी दिशा बदलतो. आणि नाकासमोरचं त्याला दिसत नाही.”

“काय?”

“डोळे बाजूंना असतात ना. मागचं दिसतं, वरचं दिसतं. नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. तुमची वज्रा त्याला भिंतीकडे घेऊन गेली तर...” त्याने तळहातावर मूठ आपटली.

“अजून काही उरलंय?”

“आहे. पण ते... सांगू की नको?”

“सांगा.”

“ससा पहाटे स्वतःची मऊ लेंडी खातो. थेट. त्याशिवाय त्याचं पोषण होत नाही. रोज. स्वाराला तेवढा वेळ थांबावं लागेल.”

चेलनाने डोक्याला हात लावला. मग दोघांनाही एकदम हसू फुटलं, आणि ते आवरेना. बाहेर सायकलवरून जाणारा एक जण थांबून आत बघू लागला.

“मग काय करू?” हसू ओसरल्यावर ती म्हणाली. “घोडेच घालू?”

“नाही हो!” तो इतक्या घाईने म्हणाला, की तिला नवल वाटलं. “घोडे सगळ्यांकडे असतात. सशाचे फायदेही आहेत. एवढे मोठे कान म्हणजे त्याचा कूलर असतो, कानांतून अंगातली उष्णता बाहेर जाते. आपल्या मे महिन्यात घोडा बसकण मारेल, ससा मारणार नाही. शिवाय तो आवाज करत नाही. कधीच नाही. जीव जाताना तेवढा ओरडतो.” त्याने वहीकडे बोट केलं. “वाचायला द्याल? जेवढं झालंय तेवढं?”

तिने आजवर कोणालाच दिलं नव्हतं. पण ती आत गेली आणि दोनशे दहा पानांची फाईल आणून त्याच्या हातात ठेवली. देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... खरखरीत होती, आणि गरम.

फाईल परत आली ती समासात निळ्या शाईच्या नोंदी घेऊनच. चेलनाला वाटलं होतं चुका काढल्या असतील. पण त्या दवाखान्यातल्या नोंदी होत्या. ‘रुग्ण: कापशी, मादी, वय चार. सलग तीन तास दौड. हृदय बंद पडण्याचा संभव. उपचार: वज्राने उतरून चालावे.’ ‘पृष्ठ ८८. जखमेला हळद पुरणार नाही, टाके हवेत.’ ‘पृष्ठ १४०. इथे मी मोठ्याने हसलो. शिपाई विचारत होता काय झालं.’ आणि जिथे वज्रा जखमी कापशीला मागे टाकून किल्ल्याकडे धावते, तिथे एकच ओळ: ‘वज्रा असं करणार नाही. तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.’

ती ओळ चेलनाने पुन्हा पुन्हा वाचली. पुढच्या शनिवारी सकाळपासूनच आपण रस्त्याकडे बघतोय, हे तिच्या लक्षात आलं. आणि लक्षात आल्यावर ती आणखीच बघू लागली.

भांडण झालं ते दिवाळीच्या तोंडावर. पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला होता. शेवटची लढाई जोरदार हवी, म्हणाल्या, तीनशे सशांची फौज किल्ल्यावर चालून जाते ती. मुखपृष्ठाचं चित्रही त्यांनी काढायला सांगितलं होतं: चिलखत घातलेला ससा, दोन पायांवर उभा. चेलना खुशीत होती. तिने शनिवारी ते रोहिदासला सांगितलं.

“बोला ना काहीतरी.”

“चिलखत लोखंडाचं?”

“डॉक्टर, ही कल्पनेतली गोष्ट आहे!” ती चिडली. “आकाशात दोन चंद्र आहेत, त्यांना तुम्ही एकदाही हरकत घेतली नाही. दोन चंद्र असले तर समुद्राचं काय होईल, नद्यांचं काय होईल, नाही विचारलंत. सशांच्याच मागे का लागलात?”

“दोन चंद्रांना दुखत नाही,” तो म्हणाला.

तेवढंच. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. ती आणखी चिडली. “तुम्ही कधी खरा रानससा पाहिलात तरी का? की पुस्तकातच?”

“मी साक्रीच्या डोंगरातला आहे,” तो म्हणाला. “चला, दाखवतो.”

दलिचंदशेठना चेलनाने सरळ सांगितलं, ससा पाहायला साक्रीकडे जायचंय. शेठनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “एकटी नाही जायचं. हीराबाईला घेऊन जा.” हीराबाई म्हणजे शेठची थोरली बहीण, चेलनाची भुआ, धुळ्याला राहायच्या. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नसत, आणि समोरच्याला काय विचारायचं ते विचारल्याशिवायही राहत नसत.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी चेलना एसटीने धुळ्याला गेली. तिथून रोहिदास मित्राची जीप घेऊन आला होता. भुआ पुढे बसल्या, चेलना मागे. साक्री मागे पडेपर्यंत भुआंनी त्याचं शिक्षण, भाऊ-बहिणी, शेती सगळं विचारून घेतलं होतं. कोरडवाहू पाच एकर, बाजरी आणि नागली, पावसाळा संपला की आई-वडील मजुरीला जात; तो आश्रमशाळेत शिकला. मग भुआंनी विचारलं, “घरी मांसाहार चालतो?”

मागच्या सीटवर चेलनाने डोळे मिटून घेतले.

“चालतो, भुआ,” तो म्हणाला. “मीही खातो, आईकडे आलो की. खोटं सांगणार नाही.”

भुआ खिडकीबाहेर बघू लागल्या. तिकडेच बघत म्हणाल्या, “बरं केलं सांगितलंस.”

घर डोंगराच्या कुशीला होतं, कुडाचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. रोहिदासची आई भिकुबाई दारातच उभी होती. “या अक्का, बठा. घर तुमनंच शे,” ती भुआंना म्हणाली, आणि लगेच मुलाकडे बोट दाखवून, “या पोऱ्यानी फोन करीसन सांगं, कांदा नको, लसूण नको, बटाटा नको. मंग ऱ्हायनं काय भाजीमा?”

सगळे हसले. पण भाजी छान झाली होती, वालपापडीची, आणि ताट वाढलं गेलं तेव्हा घड्याळात साडेचार वाजले होते. उन्हं अजून अंगणात होती. भुआंना दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, हे चेलनाने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने ते कुठून तरी विचारून घेतलं होतं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसून राहिली. आपल्याला हा माणूस हवा आहे... हे तिला तिथे, त्या अंगणात, वालपापडीची भाजी खाताना कळलं. छातीत काही धडधडलं वगैरे नाही. नुसतं कळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रोहिदासचे वडील धनसिंग पुढे आणि ही दोघं मागे, अशी ती बाजरी काढलेल्या शेतात शिरली. धसकटांवर दव होतं, चेलनाच्या सलवारीचे पाय भिजले. धनसिंगनी हात वर केला. सगळे थांबले.

“कुठे?” तिने ओठ हलवले.

रोहिदास तिच्या मागे वाकला. तिच्या खांद्यावरून हात पुढे नेऊन त्याने बोट दाखवलं. चार पावलांवर, ढेकळाच्या आडोशाला, ओंजळीएवढ्या खळग्यात ससा बसला होता. मातीच्याच रंगाचा, कान पाठीवर सपाट चिकटलेले, एक तपकिरी डोळा सताड उघडा. तो त्यांच्याकडेच बघत होता. कानाच्या पातळ कातडीतून उजेड आरपार येत होता, शिरा दिसत होत्या. अंग हलत नव्हतं. पण बरगड्यांखाली काहीतरी इतक्या वेगाने उडत होतं, की चेलनाला स्वतःचा श्वास आवरता येईना.

मग तिचा पाय धसकटावर पडला. ससा उसळला... एक, दोन, डावीकडे, पुन्हा उजवीकडे... आणि शेत रिकामं झालं. सगळं काही जराही आवाज न होता.

ती कितीतरी वेळ त्या खळग्याकडे बघत उभी राहिली. धनसिंग पुढे निघून गेले.

“मी आठ वर्षांचा होतो,” रोहिदास मागून म्हणाला. “असंच एक पिल्लू सापडलं होतं. एकटंच. मला वाटलं, आई टाकून गेली. घरी आणलं, शेळीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी मेलं. खूप वर्षांनी कॉलेजात शिकलो, की रानसशीण पिल्लाजवळ थांबतच नाही. ती जवळ थांबली तर कोल्ह्याला वास लागतो. दिवसातून एकदा येते, दूध पाजते, जाते. ती त्या संध्याकाळी आली असणार. मी पिल्लू उचलून नेलं होतं.”

त्याने हे कुणाला सांगितलं नसावं, असं त्याच्या आवाजावरून तिला वाटलं. परत येताना बांधाशी तिने हात पुढे केला, आणि त्याने तो धरला. बांध ओलांडून झाल्यावरही... दोघांनाही हात सोडायचं बरंच उशिरा सुचलं.

घरी येऊन चेलनाने शेवटची आठ प्रकरणं फाडून पुन्हा लिहिली. चिलखत गेलं, खोगीर गेलं, तीनशे सशांची फौज गेली. आता सप्तमाळमध्ये सशांवर फक्त सडपातळ, कमी वजनाचे निरोपे बसत, तेही कोसभर अंतरापुरते. बसत म्हणजे काय, सशाच्या खांद्यावर पालथे पडत, मानेच्या केसांत तोंड खुपसून. मग उतरत आणि सशाच्या बरोबरीने चालत. शेवटी लढाई व्हायच्या आधी वज्रा तहाचा निरोप घेऊन जाते. अर्ध्या वाटेत कापशी दमते, आणि वज्रा तिच्याजवळ थांबते. निरोप उशिरा पोहोचतो. त्या उशिराची किंमत वज्राला मोजावी लागते. चेलनाला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं लिहिलं.

डिसेंबर उजाडला तेव्हा बाड पुण्याला पोहोचलं. वीस तारखेला उत्तर आलं. ‘आपण लढाई काढून टाकल्याने कथेचा जोर गेला आहे. या स्वरूपात पुस्तक स्वीकारता येणार नाही. पूर्वीचा शेवट ठेवण्यास तयार असाल तर कळवावे.’

संध्याकाळपर्यंत संपादकबाई फोनची वाट बघत असणार, हे चेलनाला माहीत होतं. तिने फोन लावला आणि सांगितलं, शेवट हाच राहील. मग तिने पत्राची प्रिंट काढून पप्पांच्या समोर ठेवली. ठराव म्हणजे ठराव.

दलिचंदशेठनी ते दोनदा वाचलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. “रविवारी तरुणच्या घरचे येतील,” ते हळूच म्हणाले. “नुसतं भेट. जबरदस्ती नाही.”

“भेटेन, पप्पा. शब्द दिलाय. पण त्याला मी काय सांगणार ते तुम्हाला आधी सांगते. मला डॉक्टर चौरेंशी लग्न करायचंय.”

शेठ पुन्हा पोत्याचं तोंड शिवायला लागले होते. दाभण हातातच राहिला. “त्याने विचारलंय?”

“नाही.”

“मग?”

“मी विचारणार आहे.”

शेठनी दाभण पुन्हा पोत्यात खुपसला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “माणूस चांगला आहे. मी नाही म्हणत नाही. पण आपल्यात असं झालेलं नाही, चेलना. त्यांच्या चुलीवर काय शिजतं, आपल्या चुलीवर काय शिजतं... समाजात मला तोंड दाखवायचंय.” आवाजात राग नव्हता, भीती होती. ती ऐकून चेलनाला रडू आलं, पण तिने बेत बदलला नाही. गुरुवारी दुपारी तिने स्कूटी काढली आणि त्याच्या गावचा दवाखाना गाठला.

डॉक्टर दवाखान्यात नव्हते. लोटनभाऊंच्या खळ्यात म्हैस अडली आहे, असं शिपायाने सांगितलं. खळं चार घरं सोडूनच होतं. चेलना तिथे पोहोचली तेव्हा रोहिदास बनियनवर होता, गुडघ्यांवर बसलेला, आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत म्हशीच्या आत होता. लोटनभाऊ म्हशीचं डोकं धरून घामाघूम झाले होते.

“कोण आहे?” त्याने मान न वळवता विचारलं. “कोणी का असेना, ही दोरी धरा. मी सांगितलं की ओढा. त्याआधी नाही.”

चेलनाने दोरी धरली. दोरीचं दुसरं टोक आत, पारडाच्या पायांना होतं.

“मी आहे,” ती म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग लालबुंद झाला. “तुम्ही... आत्ता? इथे?”

“पुस्तक नाकारलं. मी शेवट बदलला नाही.”

“अरेरे...” तो कळवळून म्हणाला, आणि लगेच, “थांबा, मान वळलीये याची, सरळ करतोय...”

“रविवारी मला पाहायला येणार आहेत.”

त्याचा हात आत थांबला. म्हैस हंबरली. हात पुन्हा चालू झाला. “बरं,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

“बरं काय? मला त्याच्याशी लग्न करायचं नाही. मला तुमच्याशी करायचंय.”

आत मान सरळ झाली.

“ओढा!” रोहिदास ओरडला. “आत्ता! खाली, जमिनीच्या दिशेने!”

तिने पाय रोवले आणि सगळं बळ लावून ओढलं. काहीतरी सुटलं, सळसळलं, आणि ओलं, काळं, लांब पायांचं पारडू त्याच्या मांडीवर येऊन पडलं. त्याने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, छाती चोळली. एक क्षण... दोन क्षण... पारडू शिंकलं.

लोटनभाऊ म्हशीच्या डोक्यापाशी उभे होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “डॉक्टर, ती बाई काय म्हनी ऱ्हायनी ते आयकं का? मी आयकं. म्हैसनी बी आयकं.”

रोहिदास हसला नाही. तो हौदाकडे गेला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. मग शर्ट चढवून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“रविवारी ते येणार?”

“हो.”

“मग मी शनिवारी येतो. पप्पा दुकानात असतील तेव्हा.”

“हे उत्तर झालं?”

“उत्तर आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “पण आधी त्यांच्यासमोर उभा राहून येऊ दे. त्यांच्या पाठीमागे बोललेलं मला पुरणार नाही.”

शनिवारी सकाळी अकराला, दुकानात गिऱ्हाईक असताना, तो आला. इस्त्रीचा शर्ट, बूट पॉलिश केलेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभा राहिला. चेलना वहीवर मान खाली घालून बसली होती. एक अक्षरही लिहीत नव्हती.

“काय देऊ, डॉक्टर?” दलिचंदशेठनी सवयीने विचारलं. विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हा आज काही घ्यायला आलेला नाही.

“मागायला नाही आलो, शेठ,” रोहिदास म्हणाला. “चेलनाने काय करायचं ते तिने ठरवलंय. मी सांगायला आलोय, की माझंही तेच ठरलंय. आणि तुमचं जे काही म्हणणं असेल ते ऐकायला आलोय. सगळं.”

“सगळं ऐकायला वेळ लागेल.”

“मी आज रजा टाकलीये.”

शेठनी गल्ला बंद केला. “हीराबाईचा फोन आला होता,” ते म्हणाले. “म्हणाली, पोरगा गैरसोयीचं असलं तरी खरं सांगतो. आपल्यातले किती जण सांगतात, म्हणाली.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चेलना, शटर ओढ. अर्ध्यावर.”

दिवाळी-पाडवा सोडून भर सकाळी दुकानाचं शटर खाली आलेलं तिने पाहिलं नव्हतं. ते दोघं आत बोलत बसले. चेलनाला शेठनी पायरीवर बसायला सांगितलं होतं. तिला काही शब्द ऐकू येत होते, काही नाही. एकदा पप्पांचा आवाज चढला. मग चहा मागवला गेला, आणि मग पुन्हा एकदा. अडीच तासांनी पप्पा शटरखालून वाकून बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “तरुणच्या घरी मी फोन करतो, उद्या येऊ नका म्हणून. बाकीचं मला जमायला वेळ लागेल. घाई करू नका.”

वेळ लागला. आठ महिने लागले, आणि त्यात रुसवेही झाले. लग्न धुळ्याला नोंदणी पद्धतीने झालं, तेव्हा भुआ आणि भिकुबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. पुस्तक नाशिकच्या एका लहानशा प्रकाशनाने काढलं, वज्रा थांबते त्या शेवटासकट. पण ते सगळं नंतरचं.

त्या शनिवारी पप्पा फोन करायला आत गेले आणि रोहिदास पायरीवर येऊन तिच्या शेजारी बसला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ढेपेची पिवळी धूळ बसली होती. समोरच्या रस्त्यावरून केळीने भरलेला ट्रक गेला.

“उत्तर राहिलंय,” ती म्हणाली.

“हो.” त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग उचलले. मग पुन्हा ठेवले. “चेलना... मला तू हवी आहेस. रोज. शनिवारीच नाही.”

मग त्याने घाबरून वळून पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती, कानांपर्यंत लाल झालेली.

“परत म्हण,” ती म्हणाली.

“काय? रोज?”

“नाही. त्याच्या आधीचं.”

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो म्हणाला, अगदी हळू, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं—

“तू.”